स्थळ, स्नेह आणि दहा हजार पौंड

जेन ऑस्टिनच्या कादंबरीत नायक दारातून आत येण्याआधी त्याचं उत्पन्न आत येतं. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधला बिंगली गावाजवळचं घर भाड्याने घेतोय एवढी बातमी लागते, तोच त्याची वर्षाची चार-पाच हजार पौंडांची प्राप्ती शेजारीपाजारी तोंडपाठ झालेली असते. त्याचा मित्र डार्सी नाचाच्या समारंभात पाऊल टाकतो आणि पाच मिनिटांत ‘वर्षाला दहा हजार’ हा आकडा दिवाणखानाभर फिरतो. गडी मोठा देखणा आहे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मग त्याचा तोरा दिसतो आणि तेच लोक त्याच्या रूपात खोडी काढायला लागतात. ही कादंबरी २८ जानेवारी १८१३ ला प्रसिद्ध झाली. ऑस्टिनने तिचे हक्क ११० पौंडांना विकून टाकले होते. म्हणजे डार्सीसाहेबांच्या चार दिवसांच्या प्राप्तीला.

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या मराठी वाचकाला या हिशोबाची ओळख करून द्यावी लागत नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या आसपास लहानाचं मोठं झालेल्या माणसाने कुठल्या ना कुठल्या वधू-वर मेळाव्याची पुस्तिका कधीतरी चाळलेली असतेच. पासपोर्ट आकाराचा फोटो, उंची, रास, नाडी, शिक्षण, पॅकेज, आणि सगळ्यात शेवटी अपेक्षांचा रकाना. त्या रकान्यात कुणी ‘पुणे-मुंबईस प्राधान्य’ लिहितं, कुणी ‘रायपूर, भिलाई, नागपूर चालेल’. दोन्ही घरं एकाच गल्लीतली असतात, एकाच गणपतीच्या आरतीला उभी राहतात. पण त्यांच्यातलं अंतर त्या एका ओळीत बरोबर उतरलेलं असतं.

रीजन्सी काळातल्या, म्हणजे ऑस्टिनच्या जमान्यातल्या इंग्लंडच्या, विनोदी प्रेमकादंबऱ्या अशाच अंतरांवर उभ्या आहेत. त्यात काही कादंबऱ्या त्याच काळात लिहिलेल्या, म्हणजे ऑस्टिनच्या. बाकीच्या तो काळ मागाहून उभा करणाऱ्या: जॉर्जेट हेयरच्या, आणि तिच्या वाटेने पुढे गेलेल्या अनेकींच्या. त्यांना वेळ घालवण्याचं वाचन म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ आहेत आणि निव्वळ प्रेमकथा म्हणून डोक्यावर घेणारे त्याहून जास्त. दोघांच्याही हातून एक गोष्ट निसटते. या कादंबऱ्यांत लग्न कुणाचं कुणाशी होणार हे वाचकाला बहुतेक वेळा आधीच कळलेलं असतं. खरा पेच असतो मैत्रीचा. कोण कुणाचा मित्र होऊ शकतो, कुठपर्यंत राहू शकतो, आणि मित्राच्या नात्याने दुसऱ्याच्या आयुष्यात किती हात घालू शकतो, यात सगळी गंमत आहे आणि सगळी बोचही.

प्रेमाच्या आड कोण येतं हे आपल्याकडे जवळजवळ ठरलेलं आहे. बाप येतो, आत्या येते, नाटक जुनं असेल तर पैशाच्या थैल्या घेऊन जरठ नवरदेव येतो. ऑस्टिनच्या तीन थोर कादंबऱ्यांत आड येतो तो मित्र. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये बिंगलीला जेन बेनेटपासून दूर नेतो डार्सी, त्याचा जिवलग. ‘एमा’मध्ये हॅरिएट स्मिथला शेतकरी रॉबर्ट मार्टिनला नकार द्यायला लावते एमा, तिची लाडकी मैत्रीण. ‘पर्स्वेजन’मध्ये एकोणीस वर्षांच्या अ‍ॅन एलियटचा साखरपुडा मोडायला लावते लेडी रसेल, तिच्या दिवंगत आईची मैत्रीण. तिघांच्याही मनात वाईट काही नाही. तिघांनाही समोरच्याचं भलंच करायचं आहे, आणि तिघांच्याही हातातली फूटपट्टी एकच: घराणं, पैसा, कुणाशी सोयरीक जुळली म्हणजे कोण काय म्हणेल. बापाला विरोध करता येतो. भलं चिंतणाऱ्या मैत्रिणीला विरोध कसा करायचा? ऑस्टिनच्या विनोदाला जी धार आहे ती या अडचणीतून आलेली आहे.

या फूटपट्टीचा खोटेपणाही ती जागच्या जागी दाखवते. बिंगलीची बहीण कॅरोलाइन ही बेनेट मुलींच्या मामाला हसते, कारण तो लंडनमध्ये व्यापारी वस्तीत राहतो आणि धंदा करतो. तिच्या स्वतःच्या नावावर असलेले वीस हजार पौंड तिच्या वडिलांनी धंद्यातूनच मिळवलेले आहेत, हे ती सोयीने विसरते. लेखिका मात्र वाचकाला विसरू देत नाही. हे माणूस चौबे कॉलोनीत भेटत नाही असं कोण म्हणेल? दोन पिढ्यांपूर्वी आजोबा कोळशाच्या खाणीवर कारकून होते, आता नातवाच्या ‘स्टेटस’ला साजेसं घर हवं असतं.

‘रीजन्सी’ म्हणजे राजा हयात असताना दुसऱ्याने त्याच्या नावाने चालवलेला कारभार. इंग्लंडचा तिसरा जॉर्ज मनाने ढासळला, म्हणून ५ फेब्रुवारी १८११ पासून १८२० च्या जानेवारीत तो वारेपर्यंत त्याचा मुलगा कारभार पाहत होता. ही काही फक्त लंडनची गोष्ट नव्हे. नागपूरकर भोसल्यांच्या घरात त्याच दशकात तेच चाललं होतं. १८१६ मध्ये दुसरे रघूजी वारले. गादीवर आलेले परसोजी आजारी, कारभाराला असमर्थ. म्हणून चुलतभाऊ अप्पासाहेबांच्या हाती सूत्रं आली. वर्षभराच्या आत परसोजी मृतावस्थेत सापडले आणि अप्पासाहेब स्वतःच राजे झाले. नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली. पुढच्या वर्षी अप्पासाहेबांना पदच्युत केलं गेलं, अल्पवयीन तिसरे रघूजी गादीवर बसले, बाकाबाई पालक झाल्या आणि खरा कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या हाती गेला. छत्तीसगडावर इंग्रज सुपरिंटेंडेंट आला. १८१८ मध्येच कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला हललं, आणि कर्नल अ‍ॅग्न्यूने १८२५ पर्यंत इथे बसून सुभ्याची घडी बसवली. बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून या मुलखात आलेली मराठी घरं तेव्हा राजाच्या नावाने आणि साहेबाच्या हुकमाने जगायला शिकत होती. तात्यापाऱ्यासारखी जुनी नावं त्या वस्तीची आठवण आहेत. चौबे कॉलोनी त्यामानाने पुष्कळच अलीकडची.

सीताबर्डीनंतर महिन्याभरात, १८१७ च्या डिसेंबरात, लंडनला ‘पर्स्वेजन’ आणि ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ एकत्र बाहेर पडल्या. ऑस्टिन जुलैतच गेली होती. म्हणजे रायपूर हे कारभाराचं गाव झालं तेव्हा ‘पर्स्वेजन’ची पानं अजून कोरी करकरीत होती.

हा नुसता तारखांचा योगायोग आहे असं समजायचं कारण नाही. तिकडे वडिलोपार्जित जमीन थोरल्या मुलाला जायची आणि धाकट्यांनी फौज, आरमार, चर्च किंवा कंपनीची चाकरी धरायची. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मधला कर्नल ब्रँडन हिंदुस्थानात चाकरी करून आलेला आहे. खुद्द ऑस्टिनची आत्या फिलाडेल्फिया १७५२ मध्ये जहाजात बसून हिंदुस्थानात आली ती स्थळ शोधायला; हुंड्याला पैसा नसलेल्या इंग्रज मुलींचा तो एक मार्ग होता. तिने कंपनीच्या हॅन्कॉक नावाच्या सर्जनशी लग्न केलं. त्यांची मुलगी एलायझा कलकत्त्याला जन्मली, तिचा धर्मपिता वॉरन हेस्टिंग्ज, आणि पुढे ती ऑस्टिनच्या भावाशी, हेन्रीशी, लग्न करून घरातलीच झाली. दिवाणखान्यातल्या त्या नाजूक गप्पांच्या मागे इकडचा पैसा आणि इकडची माणसं अशी येऊन-जाऊन होती.

तरीही मराठी वाचकाने ऑस्टिनला फार उशिरा जवळ केलं. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे इंग्रजी कादंबऱ्यांत चलती होती ती रेनॉल्ड्सची. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ ची, तीही रेनॉल्ड्सच्या आधाराने उभी राहिलेली. खून, कारस्थानं, शहरातली पापं कुठल्याही भाषेत आणता येतात. पण वीस वर्षांची अविवाहित मुलगी चारचौघांत एखाद्या तरुणाशी टोमणे मारत बोलते आहे, हे दृश्य मराठीत आणायचं कुठून? ती मुलगीच नव्हती. काशीबाई कानिटकरांचं लग्न नवव्या वर्षी झालं आणि त्या लिहायला-वाचायला शिकल्या त्या सासरी, चोरून. संमतिवयाच्या कायद्याने १८९१ मध्ये बाराची मर्यादा घातली तेव्हा केवढं काहूर उठलं. शारदा कायद्याने १९२९ मध्ये मुलीचं वय चौदा केलं. प्रियाराधनाचा विनोद लिहायला आधी प्रियाराधन करण्याएवढ्या वयाची माणसं लागतात. ती मराठीत आली कॉलेजांतून, विसाव्या शतकाच्या विशीत-तिशीत, आणि ना. सी. फडक्यांनी त्यांच्या हाती टेनिसची रॅकेट आणि चहाचा पेला दिला.

मात्र रंगभूमीने कादंबरीची वाट पाहिली नाही. तिने पुराण आणि विलायत अशा दोन्ही बाजूंनी हात मारला. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ १८८२ चं. त्यात थोरला भाऊ बलराम सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवतो, कारण स्थळ तोलामोलाचं आहे. अर्जुन संन्याशाचं सोंग घेऊन दाराशी येतो. आणि सगळ्या दोऱ्या हलवतो तो कृष्ण; नवऱ्या मुलाचा मित्र आणि नवऱ्या मुलीचा भाऊ, दोन्ही एकाच वेळी. पौराणिक वेष काढून ठेवला तर रीजन्सी कादंबरीला लागतं ते सगळं इथे आहे: प्रतिष्ठेचं स्थळ, वेषांतर, आणि घराच्या आत-बाहेर दोन्हीकडे वावर असलेला मित्र. देवलांचं ‘संशयकल्लोळ’ तर थेट विलायती वाणाचं. आर्थर मर्फीचं १७६१ चं प्रहसन त्यांनी उचललं, १८९३ मध्ये ‘तसबिरीचा घोटाळा’ म्हणून गद्यात आणलं, आणि १९१६ मध्ये त्याला पदं जोडली. पुरुषांना महिन्यांची नावं, बायकांना नक्षत्रांची: फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, आणि समोर कृत्तिका, रेवती. एक तसबीर नको त्या हातात पडते आणि चार भल्या माणसांची झोप उडते. रेवती नायकिणीच्या घरातली आहे आणि अश्विनशेठाला तिच्याशी रीतसर लग्न करायचं आहे, ही त्या हसण्याखालची खरी अडचण. 

‘भावाचा मित्र’ या माणसावर कुणीतरी सविस्तर लिहायला हवं. जुन्या मराठी घरात परक्या तरुणाला ओटी ओलांडून आत यायचा तो एकच परवाना होता. तो भावाकडे पुस्तक मागायला येई, बहीण पाण्याचा तांब्या घेऊन येई, आणि निम्म्या मराठी प्रेमकथा तिथे सुरू होत. ऑस्टिनकडेही बिंगलीच्या खांद्यामागून डार्सी येतो. दोन अगदी वेगळ्या समाजांत मैत्रीने एकच काम केलं आहे: तिने उंबरठ्यावर पहारा दिला, आणि पहारेकऱ्याने डोळे मिटले तेव्हाच प्रेम आत शिरलं.

जॉर्जेट हेयरचा जन्म १९०२ चा. आजारी भावाचं मन रमवायला तिने जी गोष्ट रचली ती ‘द ब्लॅक मॉथ’ या नावाने १९२१ मध्ये छापली गेली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. रीजन्सीत ती पोचली १९३५ च्या ‘रीजन्सी बक’मध्ये, आणि १९७४ मध्ये जाईपर्यंत त्या काळाला तिने जवळजवळ आपली जहागीर करून टाकलं. तिचा अभ्यास दांडगा. बग्ग्यांचे प्रकार, टोप्यांच्या फिती, जुगाराचे नियम, मुष्टियोद्ध्यांची आणि चोरांची बोली, सगळं टिपून ठेवलेलं. बोलीवरून माणसाची पायरी कशी कळते हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचे उमराव मुद्दाम तालमीतली आणि घोड्यांच्या बाजारातली भाषा बोलतात, कारण त्यांना ते परवडतं. व्यापाऱ्याच्या मुलीने तसं बोललं तर ती गावंढळ ठरते. पु. लं.नी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’त शॉच्या नाटकातून मराठीत आणलं ते हेच. मंजुळेच्या ‘अशुद्ध’ बोलण्याला हसणाऱ्या प्रेक्षकाला शेवटी स्वतःचंच थोडं हसू येतं. रायपूरच्या मराठी माणसाला ते जास्त लवकर येत असावं. ‘मी येऊन राहिलो’ म्हणणाऱ्या त्याच्या मराठीवर पुण्याच्या एखाद्या तरी नातेवाइकाने जेवणाच्या पंगतीत गंमत केलेली असतेच.

हेयरची ‘कोटिलियन’, १९५३ ची, या सगळ्या प्रकाराची गुरुकिल्ली मानायला हरकत नाही. किटी चेरिंग ही एका कंजूष म्हाताऱ्याने वाढवलेली पोर. नात्याने आपले नातू लागणाऱ्या भाचे-पुतण्यांच्या मुलांपैकी कुणाशी तरी तिने लग्न केलं तर इस्टेट तिची, अशी त्याची अट. तिचं मन आहे रुबाबदार जॅकवर. जॅकला धडा शिकवायला आणि एकदाचं लंडन पाहायला मिळावं म्हणून ती फ्रेडी स्टँडनला गळ घालते: खोटा साखरपुडा कर. फ्रेडी हा कुठल्याही प्रेमकथेत बाजूला उभा राहणारा माणूस. ना रूप, ना तल्लख बुद्धी, ना घोडेस्वारीचा दरारा. त्याला कपड्यातलं कळतं, रीतभात कळते, आणि कुणाला संकोच वाटतो आहे हे कळतं. किटी त्याला लंडनची प्रेक्षणीय स्थळं बघायला ओढत नेते. ग्रीसहून आणलेल्या त्या नावाजलेल्या संगमरवरी मूर्तींपुढे उभा राहून फ्रेडी हादरतो, कारण त्यांना डोकीच नाहीत. तिकिटाचे पैसे घेतात आणि डोकी नसलेल्या मूर्ती दाखवतात, ही त्याला सरळसरळ फसवणूक वाटते. वाचक त्याला हसतो. तीनशे पानांनंतर त्याच वाचकाच्या लक्षात येतं की या सगळ्या हुशार मंडळींत अडल्या-नडल्याच्या उपयोगी पडलेला माणूस हा एकटाच. किटीलाही तेच कळतं. जॅक आला तर त्याला ती नाही म्हणते, आणि जॅक वाकडं बोलतो तेव्हा फ्रेडी, कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं असा, त्याला एका ठोशात आडवा करतो. मैत्री आधी, प्रेम मागून. ऑस्टिनच्या मित्रांनी दारं लावली. हेयरच्या या मित्राने ती उघडली.

तिची दुसरी महत्त्वाची कादंबरी आहे ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’, १९६१ ची. हिच्यावर वाचकांत दोन तट आहेत आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. लढाईहून परतलेला अ‍ॅडम डेव्हरिल वडिलांच्या कर्जात बुडालेल्या इस्टेटीचा धनी होतो. ज्युलियावर त्याचं प्रेम आहे. तो लग्न करतो जेनीशी, एका गडगंज व्यापाऱ्याच्या साध्या, जाडसर मुलीशी. जेनी ही ज्युलियाची शाळेतली मैत्रीण. सासरा जोनाथन चॉली मोठ्या मनाचा आणि मोठ्या आवाजाचा. प्रत्येक भेटवस्तूवर किंमत लिहिलेली असावी तसा देतो. जावयाला त्या औदार्याचा जाच होतो. वॉटर्लूच्या वेळी लंडनमध्ये अफवांनी रोखे कोसळतात, सासरा सगळं विकून टाक म्हणतो, आणि अ‍ॅडम आपल्या सेनापतीवर विश्वास ठेवून उलट खरेदी करतो. त्या एका सौद्याने तो सासऱ्याच्या ओझ्यातून मोकळा होतो. प्रेम? ते शेवटपर्यंत कथेत नाही, निदान ज्या प्रकारचं लोक शोधतात तसं नाही. जेनीला नवऱ्याला काय आवडतं, कशाने त्याचं डोकं उठतं, हे ठाऊक असतं आणि त्यावर त्यांचं घर उभं राहतं. ठरवून झालेल्या लग्नांत वाढलेल्या मराठी वाचकाला ही कादंबरी इंग्रज वाचकापेक्षा लवकर उमगेल.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली शार्लट ल्युकसही अशीच उमगते. सत्तावीस वर्षांची, फारशी देखणी नाही, पैसा नाही. तिची मैत्रीण, जेन बेनेटची बहीण एलिझाबेथ, हिने नाकारलेला तो बोलघेवडा पाद्री कॉलिन्स दोन-तीन दिवसांत शार्लटकडे वळतो आणि ती त्याला होकार देते. एलिझाबेथला मैत्रिणीची लाज वाटते. पुढे ती तिच्या घरी राहायला जाते तेव्हा एक बारीकशी गोष्ट तिच्या नजरेला पडते. शार्लट दिवसभर बसते ती मागच्या खोलीत. समोरची खोली मोठी आहे, उजेडाची आहे, मग मागे का? मग एलिझाबेथच्या ध्यानात येतं की मागची खोली जर छान असती, तर नवराही तिथेच येऊन बसला असता. त्याची खोली रस्त्याकडे तोंड करून आहे, तो येणाऱ्या-जाणाऱ्या बग्ग्या बघत बसतो, आणि शार्लटला घर मिळतं. ऑस्टिनने यावर एक शब्दही जास्त खर्च केलेला नाही. बायकांच्या हाती पैसा नसतो तेव्हा मैत्रीण मैत्रिणीला कुठपर्यंत समजू शकते, हे त्या दोन खोल्यांत मांडून ती पुढे जाते.

आता विनोदाबद्दल. या कादंबऱ्यांच्या खुसखुशीतपणाचं कौतुक करताना एक प्रश्न सहसा विचारला जात नाही: विनोद कुणावर? ‘एमा’मध्ये बॉक्स हिल या टेकडीवरची सहल आहे. ऊन झालेलं, मंडळी कंटाळलेली. फ्रँक चर्चिल खेळ सुचवतो: प्रत्येकाने एमापुढे एक फार चतुर गोष्ट सांगावी, नाहीतर दोन बऱ्यापैकी, नाहीतर तीन अगदीच रटाळ. अविवाहित, गरीब, अखंड बडबडणाऱ्या मिस बेट्स हसत म्हणतात की तीन रटाळ गोष्टी आपल्याला सहज जमतील. एमा पटकन बोलून जाते: अडचण एवढीच, एका वेळी तीनच सांगायच्या आहेत. मिस बेट्सना कळायला क्षणभर लागतो. मग त्यांच्या चेहऱ्यावर जराशी लाली चढते, आणि आपण फार बोलतो हे कबूल करून टाकतात. परतताना नाइटली, एमाचा जुना स्नेही, तिला जे सुनावतो त्यात विनोद वाईट होता असा आक्षेप नाही. त्या तुझ्या बरोबरीच्या असत्या, तर मी काही बोललो नसतो. पण त्या गरीब आहेत, आणखी गरीब होणार आहेत, असा त्याचा मुद्दा. एमा बग्गीत रडते. इंग्रजी विनोदी वाङ्मयात वर्गावर इतकं नेमकं बोट दुसऱ्या कुणी ठेवलं असेल असं वाटत नाही, आणि तेही अशा कादंबरीत, जी युवराजाच्या ग्रंथपालाच्या सूचनेवरून खुद्द युवराजाला अर्पण झालेली आहे. त्याच ग्रंथपालाने नंतर राजघराण्यावर एखादी ऐतिहासिक कादंबरी लिहा असंही सुचवलं होतं. ऑस्टिनने नम्रपणे नकार कळवला.

‘एमा’चा शेवटही गोडीगुलाबीचा समजला जातो. तीन लग्नं होतात. हॅरिएट शेवटी आपल्या रॉबर्ट मार्टिनकडे जाते, तिचा बाप एक व्यापारी निघतो, आणि ऑस्टिन अगदी सहज नोंदवते की तिची आणि एमाची जवळीक आता कमी होणार, नुसत्या सदिच्छेवर येणार, आणि तसंच व्हायला हवं. हे वाचून चटका बसला नाही तर कादंबरी वाचलीच नाही असं समजावं. लग्नाने प्रेमाचा हिशोब मिटतो. मैत्रीचा उधारीवर जातो. ‘पर्स्वेजन’मध्ये मात्र ऑस्टिनने उलटं दान टाकलं आहे. बाथला नामवंत नातेवाइकांचं बोलावणं असताना अ‍ॅन आजारी, कंगाल शाळासोबतिणीला, मिसेस स्मिथला भेटायला जाते. बाप नाक मुरडतो. ती जातेच.

या कादंबऱ्यांचं काय सोसत नाही तेही सांगायला हवं. नोकर चहा आणतात आणि निघून जातात. शेतमजूर जवळजवळ दिसतच नाहीत. ‘द ग्रँड सोफी’ ही हेयरची १९५० ची फार लाडकी कादंबरी, पण तिच्यातल्या ज्यू सावकाराचं चित्र ओंगळ आहे, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पाच वर्षांनी लिहिलेलं असल्याने अधिकच. मराठी प्रेमविनोदाने असं व्यंगचित्र काढायचीही वेळ येऊ दिली नाही. त्याने सगळी पात्रं आधीच एका जातीची करून घेतली. फडक्यांपासून पुढे दिवाणखान्यातल्या कथांत गरीब नायक आणि श्रीमंत नायिका असतात, कारखानदाराची मुलगी आणि मास्तरांचा मुलगा असतो; आडनावं मात्र एकाच पंगतीला बसणारी. वर्गाचा पेच हसत सोडवायचा तर जातीचा पेच दाराबाहेर ठेवावा लागला. वधू-वर पुस्तिका निदान तो रकाना छापते.

‘ब्रिजर्टन’ या मालिकेने २०२२ मध्ये, दुसऱ्या पर्वात, स्थळ आणि घराण्याचा हा विषय थेट घराघरात आणला. ज्युलिया क्विनच्या २००० सालच्या कादंबरीत नायिकेचं आडनाव शेफील्ड. पडद्यावर ती झाली केट शर्मा, हिंदुस्थानातून बहिणीसाठी स्थळ बघायला लंडनला आलेली. तिच्या धाकट्या बहिणीला येणाऱ्या भाषांच्या यादीत चक्क मराठीचंही नाव येतं. त्या घरात वडील ‘अप्पा’, थोरली बहीण ‘दीदी’ आणि धाकटी ‘बोन’. म्हणून जाणकारांनी नाकं मुरडली, की हे कुटुंब नक्की कुठलं? चौबे कॉलोनीत कुणी फारसं बिचकायचं कारण नाही. इथे ‘आई’ आणि ‘दीदी’ एकाच हाकेत येतात. खरा सवाल वेगळा आहे. धाकटीची सख्खी आणि केटची सावत्र आई उमराव घराण्यातली, तिने एका कारकुनाशी लग्न केलं म्हणून माहेराने तिला तोडलं, आणि आता धाकटीने इंग्रज उमरावाशी लग्न केलं तरच पैसा मिळणार. रंगाला रजा दिलेल्या त्या कल्पित लंडनमध्ये घराणं आणि पैसा मात्र जसाच्या तसा शिल्लक आहे.

वाचायला कुठून सुरुवात करावी? बहुतेक जण ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’कडे बोट दाखवतात, ती उत्तम आहे, पण तिच्यावर इतके चित्रपट निघाले आहेत की पानांआधी चेहरे डोळ्यांपुढे येतात. सुरुवात ‘एमा’ने करावी, सावकाश, आणि पहिल्यांदा वाचताना एमाचा राग येऊ द्यावा. मग ‘कोटिलियन’, म्हणजे जरा हवा लागेल. ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’ लग्नाला काही वर्षं झाल्यावर वाचली तर जास्त कळेल. ‘ब्लॅक शीप’, १९६६ ची, रायपूरच्या वाचकाने मुद्दाम मिळवावी. तिचा नायक माइल्स कॅल्व्हर्ली तरुणपणीच्या भानगडीपायी घरच्यांनी हिंदुस्थानात धाडून दिलेला आहे. वीस वर्षांनी तो गबर होऊन बाथला परततो, आणि ज्यांनी त्याला घालवलं त्यांना तो किती श्रीमंत आहे याचा पत्ताच नसतो. आणि ‘पर्स्वेजन’ हातात घेताना मागच्या पानावरचं साल एकदा पाहून ठेवावं: रायपूर कारभाराचं गाव झालं त्याच सुमाराचं. लेडी रसेलने ज्याच्याशी साखरपुडा मोडायला लावला तो कॅप्टन वेंटवर्थ लढाईतल्या लुटीच्या वाट्यातून पंचवीस हजार पौंड घेऊन परत येतो, आणि आठ वर्षांपूर्वी त्याला नाकारणारं तेच घर आता त्याला आदराने खुर्ची देतं.